‘वजन उतरवा’ म्हणाले, आणि पाचव्या आठवड्यात गुडघा टम्म सुजला : एका गुडघ्यातल्या दोन संधिवातांची केस

ही केस लिहायची असं बरेच दिवस डोक्यात होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघे रोजच बघते, आणि खरं सांगायचं तर झिजलेल्या गुडघ्याच्या पेशंटला काय सांगायचं ते इतकं तोंडात बसलेलं असतं की पेशंट खुर्चीत टेकायच्या आत आपण सुरू होतो, वजन उतरवा, मांडीचा व्यायाम करा, मांडी घालून बसू नका. यातलं पहिलं वाक्य मी या काकांना सांगितलं आणि पाचव्या आठवड्यात ते बायकोच्या आणि मुलीच्या खांद्यावर भार टाकून, एक पाय अधांतरी धरून आत आले. सल्ला चुकीचा नव्हता, आजही तोच देईन. पण समोरच्या माणसाच्या अंगात आणखी काय काय मुरलेलं आहे ते न विचारता दिला होता, ते मला लागलं. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, बाकी सगळं जसं झालं तसं.

पेशंट पुरुष, वय 52, काम फरशी बसवायचं, वयाच्या 19व्या वर्षापासून. उंची 168 सेमी, वजन 92 किलो, म्हणजे बीएमआय 32.6. बीपीची गोळी सहा वर्षं चालू. सिगरेट दिवसाला आठ-दहा, बीअर आठवड्यातून दोन-तीनदा. तक्रार एवढीच की उजवा गुडघा दोन वर्षं दुखतोय, सकाळी दहा-पंधरा मिनिटं आखडलेला असतो मग मोकळा होतो, जिना उतरताना जास्त त्रास, आणि कामावर खाली बसलं की उठताना भिंत धरावी लागते.

पँट वर सारली तेव्हा आधी दिसले ते घट्टे. दोन्ही वाट्यांच्या खाली, रुपयाएवढे, काळपट, बोटाने दाबले तर चामड्यासारखे. तेहतीस वर्षं माणूस गुडघ्यावर टेकून काम करत होता ते तिथे लिहिलेलंच होतं. उजवा पाय गुडघ्यात किंचित बाहेरच्या बाजूला बाकलेला. टेप लावून वाटीच्या 10 सेमी वर मांडीचा घेर घेतला, डावा 51 आणि उजवा 48. तीन सेंटिमीटरचा फरक म्हणजे पुढचा स्नायू चांगलाच आटलेला. मी विचारलं, काका या पायाला कधी मार लागला होता का, तर म्हणाले नाही. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, “मार नाही, पण 24व्या वर्षी खेळताना पाय जमिनीत रुतला आणि वरचं अंग फिरलं, गादी फाटली होती, ऑपरेशन करून काढून टाकली. पण त्याला काय, 28 वर्षं झाली की मॅडम.”

गंमत बघा, लोक याला मार म्हणतच नाहीत. ऑपरेशन झालं, जखम भरली, विषय संपला. पण गादी, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधली ती अर्धचंद्राकृती चकती, वजन पसरून घ्यायला असते. ती काढली की तेवढाच भार कमी जागेवर येतो आणि खालची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, दर पावलाला जास्त दाबली जाते. गादी फाटलेल्या किंवा लिगामेंट तुटलेल्या लोकांपैकी साधारण निम्म्यांच्या एक्सरेत 10 ते 20 वर्षांत झीज दिसते, म्हणजे विशीत दुखापत झाली तर चाळिशीच्या आत गुडघा म्हातारा. ऑस्टिओआर्थ्रायटिसला, म्हणजे सांध्याच्या या झिजेला, आपण वयाचा आजार म्हणतो, वय मोठं कारण आहेच, पन्नाशीनंतर बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त दिसतो हेही खरं, पण जुनी दुखापत असेल तर वयाची वाट बघावी लागत नाही.

मग त्यावर हे काम. गुडघ्यावर टेकणं, उकिडवं बसणं आणि वरून जड उचलणं, ही तिन्ही एकत्र आली की गुडघ्याला सगळ्यात वाईट, आणि फरशीच्या कामात ती एकाच वेळी होतात. वजन हा तिसरा भाग. त्याचा हिशोब मी पेशंटला नेहमी सांगते कारण तो पटकन पोचतो, शरीराचं 1 किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास 4 किलोने हलका होतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांवरचा जो जुना मोठा अभ्यास आहे त्यात 1992 साली असं दिसलं की ज्या बायकांनी दहा वर्षांत साधारण 5 किलो वजन उतरवलं त्यांच्यात दुखरी झीज होण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. आणि हे नुसतं ओझ्याचं गणित नाही बरं का, जाड माणसांच्या हाताच्या बोटांतही झीज जास्त आढळते आणि बोटांवर कोण चालतं? चरबीतून जी रसायनं रक्तात जातात ती सांध्याला आतून त्रास देतात.

तर दुखापत, काम, वजन, बाक आणि आटलेली मांडी, पाच गोष्टी एका गुडघ्यात. एक्सरेत आतल्या बाजूची गॅप कमी आणि कडेला हाड वाढलेलं. माझ्या दृष्टीने केस सरळ होती. व्यायाम दिला, टेकायला गुडघ्याचे जाड पॅड सांगितले आणि वजन उतरवा म्हणून सांगितलं. कसं उतरवायचं ते सांगितलं नाही. तिथे मी कमी पडले.

चौथ्या आठवड्यापर्यंत मस्त चाललं होतं. 92 वरून 85 वर आले, मी शाबासकीही दिली, चार आठवड्यांत 7 किलो कसे काय गेले हे विचारायचं मात्र सुचलं नाही. नंतर काकूंकडून कळलं की ते एक दिवसाआड नुसत्या पॅकबंद फळांच्या रसावर राहत होते, बाकी काही खायचं नाही, रस तब्येतीला चांगला म्हणून. त्यात दोन दिवस उन्हात गच्चीचं काम, घाम भरपूर, पाणी कमी, आणि काम संपलं त्या संध्याकाळी बीअर. रात्री दोनच्या सुमाराला गुडघ्यात ठणका लागून जाग आली. सकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा. काकू म्हणाल्या, “अंगावर चादर टाकली तर ओरडले, चादरीचं वजन सहन होईना.”

हे चादरीचं वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. झिजेचा गुडघा असं करत नाही. तो दुखतो, कुरकुरतो, जास्त चाललं की थोडा सुजतो, पण रात्रीतून लालबुंद आणि गरम होत नाही. माझ्याकडे येण्याआधी मात्र सकाळीच ते एका ठिकाणी जाऊन आले होते आणि हातात तीन रिपोर्ट होते. युरिक ॲसिड 6.2, म्हणजे लॅबच्या मर्यादेत. आरए फॅक्टर 24, मर्यादा 20, त्यामुळे त्यापुढे पॉझिटिव्ह छापलेलं. सीआरपी, म्हणजे अंगात कुठेतरी दाह आहे हे दाखवणारी टेस्ट, वाढलेलं. आणि यावरून त्यांना सांगितलं गेलं होतं की युरिक ॲसिड नॉर्मल आहे म्हणजे गाऊट (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात बसून होणारा संधिवात) नाही, हा आमवात (ऱ्ह्युमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आरए, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते) आहे, गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील. मुलगी रडत होती. तिने रांगेत बसल्या बसल्या आमवाताबद्दल फोनवर वाचलं होतं आणि वाकडी झालेली बोटं बघितली होती.

मी त्या दिवशी त्यांना हात लावला नाही. शेक नाही, मशीन नाही, काही नाही. एकच सांगितलं की आत्ताच्या आत्ता अशा डॉक्टरांकडे जा जे गुडघ्यातलं पाणी सुईने काढून तपासतील. कारण एक सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि अंगात कणकण, याचा पहिला अर्थ जंतुसंसर्ग असू शकतो, आणि सांध्यात पू झाला तर काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. डायबेटिस असलेले, म्हातारे, आमवाताचे जुने पेशंट, स्टिरॉइड घेणारे, नुकतंच सांध्यात इंजेक्शन घेतलेले, यांना हा धोका जास्त. काकांना यातलं काही नव्हतं, पण धोका कमी म्हणजे शून्य नव्हे, पाणी काढल्याशिवाय ते ठरत नाही.

पाणी काढलं. गढूळ पिवळं होतं. जंतू वाढले नाहीत. आणि पोलराइज्ड प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे टोकदार स्फटिक दिसले, पांढऱ्या पेशींच्या पोटात अडकलेले. युरेटचे (युरिक ॲसिडचे) स्फटिक, म्हणजे गाऊट. (साठीनंतर अशाच अचानक सुजलेल्या गुडघ्यात चौकोनी-तिरके कॅल्शियमचे स्फटिकही सापडतात, तो वेगळा आजार, म्हणून नुसतं बघून अंदाज करून चालत नाही.)

आता यातले दोन रिपोर्ट का फसवे निघाले ते नीट सांगते, कारण असे रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसं मी कायम बघते.

युरिक ॲसिड 100 मिली रक्तात साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की विरघळून राहत नाही, सांध्यात स्फटिक बसायला लागतात. पण प्रत्यक्ष अटॅकच्या दिवशी रक्तातली पातळी बऱ्याचदा खाली आलेली असते, त्यामुळे त्या दिवशीचा नॉर्मल आकडा काहीच सिद्ध करत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा केलं तेव्हा 8.9 आलं. उलट बाजूही लक्षात ठेवा, नुसतं युरिक ॲसिड वाढलेल्या बहुतेक लोकांना गाऊट कधीच होत नाही, म्हणून रिपोर्टवर जास्त आकडा दिसला की गोळी सुरू असंही नसतं.

आरए फॅक्टरचं तसंच. नावात आरए आहे म्हणून तो आमवाताचा पुरावा होत नाही. धडधाकट लोकांतही तो थोडा पॉझिटिव्ह येतो, वय वाढतं तसा जास्त, हिपॅटायटिस सीमध्ये येतो, सिगरेट ओढणाऱ्यांत येतो. 20च्या मर्यादेला 24 म्हणजे जेमतेम वर. अँटी-सीसीपी ही आमवाताची जास्त नेमकी टेस्ट काकांची निगेटिव्ह आली. आणि मुळात त्यांचं चित्र आमवाताचं नव्हतंच. आमवात सहसा हातापायांच्या छोट्या सांध्यांत, दोन्ही बाजूंना, आठवड्यांनी महिन्यांनी पसरत जातो आणि सकाळचं आखडणं तासाच्या पुढे जातं, दहा-पंधरा मिनिटांत सुटत नाही. बायकांना तो पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त, बहुतेकांना तिशी ते साठीच्या मधे सुरू होतो. आईवडील किंवा भावंडांत कुणाला असेल तर धोका साधारण तिप्पट, पण रक्तात लिहिलेलंच असतं असं नाही, एकसारख्या जुळ्यांत एकाला आमवात असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपासच आहे. बाकीचं बाहेरून येतं, आणि बाहेरच्या कारणांत सगळ्यात भक्कम पुरावा सिगरेटचा आहे. धुरामुळे फुप्फुसातल्या प्रथिनांची रचना बदलते, काही विशिष्ट जनुकं असलेल्या माणसाचं शरीर त्या बदललेल्या प्रथिनांना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागतं, सांधे दुखायला लागायच्या कित्येक वर्षं आधी.

हे मी काकांना मुद्दाम सांगितलं. आमवात नाही म्हटल्यावर घरात सगळे हुश्श झाले होते, पण दगडाची धूळ हाही आमवाताचा माहीत असलेला धोका आहे, सिलिकाची बारीक धूळ, आणि हे गृहस्थ तेहतीस वर्षं फरशी कापतात, तीही तोंडाला काही न बांधता, वर सिगरेट. त्या 24 आकड्याला घाबरायचं नाही, पण मास्क लावायचा आणि सिगरेट सोडायची, हे मी तीन वेळा बोलले.

पाणी तपासलेल्या डॉक्टरांनी मग जे प्रश्न विचारले ते मी पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. याआधी कधी पायाचा अंगठा सुजला होता का? काका म्हणाले नाही, आणि काकू म्हणाल्या, “अहो दोन वर्षांपूर्वी नाही का, चार दिवस चप्पल घालता येत नव्हती.” ठेच लागली असेल म्हणून सोडून दिलं होतं. गाऊटचा पहिला अटॅक साधारण निम्म्या लोकांना अंगठ्याच्या मुळाशीच येतो. वडिलांना? वडिलांचे पाय सुजायचे, घरात ‘वात आलाय’ म्हणायचे. युरिक ॲसिड मूत्रपिंडातून बाहेर टाकायची क्षमता बरीचशी आईबापांकडून येते, त्यामुळे हा प्रश्न टाळून चालत नाही. बीपीची गोळी कोणती? त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड होतं, लघवी वाढवणारं, आणि ते युरिक ॲसिड शरीरात अडवून ठेवतं. बीपीची गोळी काकांच्या यादीत मी स्वतः लिहिली होती पण तिच्या आत काय आहे ते बघितलं नव्हतं. नखं आणि डोक्याची कातडीही बघितली, सोरायसिस आहे का म्हणून, कारण सोरायसिसच्या पेशंटांपैकी 30 टक्क्यांपर्यंत लोकांना त्याचा वेगळा संधिवात होतो आणि नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे ही त्याची मोठी खूण आहे. काकांची नखं सिमेंटने खाल्लेली होती, पण खड्डे नव्हते.

म्हणजे चूल आधीच मांडलेली होती. पुरुष, पन्नाशी, वजन, बीपी, ती गोळी, वडिलांचा वारसा, बीअर, आणि झिजलेला सांधा, कारण झीज झालेल्या सांध्यात युरेटचे स्फटिक जास्त बसलेले आढळतात. काडी लावली ती त्या पाच आठवड्यांनी. उपास केला की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारी कीटोन्स मूत्रपिंडात युरिक ॲसिडची वाट अडवतात. फळांच्या रसातली साखर, फ्रुक्टोज, यकृतात जिरताना पेशींची ऊर्जा झपाट्याने वापरते आणि त्या उरलेल्या भागातून युरिक ॲसिडच तयार होतं. घामाने पाणी गेलं. शेवटी बीअर, जी युरिक ॲसिड बनवतेही आणि अडवतेही. वजन जास्त असणं गाऊटला वाईट, ते हळूहळू उतरवणं चांगलं, आणि ते धडाधड उतरवणं हेच अटॅकचं निमित्त. एकाच सल्ल्याची दोन टोकं.

उपचाराबद्दल थोडक्यात, कारण तो भाग माझा नाही. किडनीचे रिपोर्ट बघून अटॅकची औषधं दिली, बीपीची गोळी बदलून लोसार्टन दिली जी युरिक ॲसिड थोडं खाली आणते, आणि पुढे ॲलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक ॲसिड कमी करणारी गोळी, अगदी कमी डोसपासून सुरू केलं, लक्ष्य 6च्या खाली. सुरुवातीला अंगावर पुरळ आलं तर गोळी बंद करून लगेच या, हे बजावून सांगितलं होतं. पहिले काही महिने पातळी खाली येतानाच अटॅक येऊ शकतात म्हणून ते टाळायला जोडीला कोल्चिसिन. लोक नेमके इथे गोळी सोडतात, ‘घेतली तर जास्तच दुखतंय’ म्हणून.

जेवणाबद्दल काकूंनी विचारलं की डाळी बंद करू का. करू नका. 47 हजार पुरुषांवर 12 वर्षं केलेल्या एका अभ्यासात, 2004 साली तो आला, मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला, पण डाळी, वाटाणे, पालक अशा प्युरीन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं ते) असलेल्या वनस्पतींनी धोका वाढला नाही, आणि कमी चरबीचं दूध-दही घेणाऱ्यांना उलट कमी झाला.

मुलगी 31 वर्षांची, ती एकटी मागे थांबली आणि मला विचारलं, मला यातलं काय होणार? मी म्हटलं बाबांना आमवात नाही, त्यामुळे ती भीती त्यांच्याकडून तुला आलेली नाही. गाऊटचा वारसा आहे, पण पाळी चालू आहे तोपर्यंत इस्ट्रोजेन मूत्रपिंडाला युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं, बायकांना गाऊट होतो तो बहुतेक पाळी गेल्यानंतर, तेव्हा बीपी आणि गोळ्यांकडे लक्ष ठेव. झिजेचा वारसाही थोडा असतो, वजन आणि मांडीची ताकद तुझ्या हातात. हे ऐकताना ती बोटं मोडत होती आणि मधेच दचकून थांबली, याने होतं का म्हणून. नाही होत. एका अमेरिकन डॉक्टरांनी, डोनाल्ड अंगर त्यांचं नाव, 60 वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजव्या हाताची नाही, शेवटी दोन्ही हातांत संधिवाताचा काही फरक नव्हता. एकट्या माणसाचा प्रयोग आहे, पण इतर पाहण्यांतूनही बोटं मोडल्याने संधिवात होतो असं दिसलेलं नाही.

आठव्या महिन्यातली नोंद. वजन 83.5, यावेळी महिन्याला दीड-दोन किलोपेक्षा जास्त नाही, आणि दर खेपेला मी काय खाल्लं ते विचारते. युरिक ॲसिड 5.6. तिसऱ्या महिन्यात अंगठ्याला एक छोटा अटॅक, नंतर नाही. मांडीचा फरक तीनवरून दीड सेंटिमीटरवर. जिना उतरताना अजून दुखतं, गेलेली गादी आणि झिजलेली कूर्चा परत येणार नाही हे त्यांना माहीत आहे. कापायचं काम आता फरशीवर पाणी सोडत, मास्क लावून करतात. सिगरेट चारवर आली आहे, बंद झालेली नाही.

माझ्या फॉर्मवर आता गुडघ्याच्या प्रत्येक पेशंटसाठी चार ओळी जास्त आहेत, विशी-तिशीत गुडघा कधी पिळवटला होता का, अंगठा कधी सुजला होता का, बीपीच्या गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय (पाकीटच आणायला सांगते), आणि सकाळी आखडलेलं सुटायला किती मिनिटं लागतात. मागच्या आठवड्यात काकांनी त्यांच्या हाताखालचा 26 वर्षांचा पोरगा पाठवला, खेळताना गुडघा फिरला, एमआरआयमध्ये गादी फाटलेली. “काढून टाकायच्या आधी शिवता येते का ते विचारून ये म्हणाले मिस्त्री,” असं म्हणत त्याने एमआरआयचं पाकीट पुढे केलं. फाटलंय ते कडेला, जिथे रक्तपुरवठा असतो तिथे, त्यामुळे शिवण्याजोगं असू शकतं. ऑर्थोची वेळ घेऊन दिली आहे.